तुरळक ठिकाणी

पांढरमाळ, ता. माण, जि. सातारा
८ एप्रिल २०२४

देवदत्त साहेबांस धनाजीचा रामराम.

वळखलं का? मार्चमधी सांगलीला तुमच्या इशारा केंद्रात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, तवा मागच्या बाकावर बसून लय प्रश्न इचारणारा फौजी, तो मी. सतरा वर्षं सिग्नलमधी काढली, आता बापाची मेंढरं राखतो. फोनवर बोलायचं तर आमच्याकडं बोलणं निम्म्यात तुटतंय. आन् मला फौजेतली खोड हाय, जरा मोठं काय सांगायचं असलं की कागद घ्यायचा.

तुमी दिलेला भोंगा बिरोबाच्या देवळावर चढवला. आवाज पार टेंभीपातुर जातो. टेंभी म्हंजी आमची टेकडी, तिच्या पायथ्याला मेंढरं चरत्यात. तुमचा मेसेज आला की मी माईकवर पुकारायचं, एवढी ड्यूटी समजली. पर एक इचारायचं राहिलं. मेसेजमधी असतंय, ‘सातारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस.’ आमचा बाप तात्याबा चौऱ्याहत्तर वर्षांचा हाय. त्यानं माझ्याकडनं वाचून घेतलं आन् म्हणाला, “धना, तुरळक ठिकाण म्हंजी कंचं गाव रं?” मला सांगता आलं न्हाई. तुमी सांगा.

दुसरं, वीज पडायच्या आदी तुमाला तिकडं विश्रामबागेत खुर्चीत बसून कसं कळतंय? बायको मनुबाई म्हणती, नीट इचारून घ्या, म्हंजी मला इश्वास ठेवायला बरं. मागल्या वर्षी तिच्या म्हायेरी बांधावर एकाच टायमाला दोन माणसं गेली. तवापासून गडगडलं की ती पोरीला जवळ वढती. पोर अपेक्षा आता दहिवडीला कालेजात जाती, तरी वढती.

उत्तराची वाट बघतो.
धनाजी

⁂

विश्रामबाग, सांगली
१६ एप्रिल २०२४

धनाजीभाऊ, नमस्कार.

आमच्या केंद्रात कुरिअर येतात, विजेची बिलं येतात. हाताने लिहिलेलं पत्र चार वर्षांत हे पहिलंच. मयूरीने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मयूरी म्हणजे ट्रेनिंगमध्ये तुमची हजेरी घेणारी मुलगी. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते.

तात्याबांचा प्रश्न आम्हालाही रोज पडतो. सकाळी येतो तो अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा असतो. ‘तुरळक’ म्हणजे शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी. ती पंचवीस कोणती, हे सकाळी कुणालाच ठाऊक नसतं. दुपारी ढग चढायला लागले की आमचं काम सुरू होतं. दर दहा मिनिटांनी रडारचं नवं चित्र येतं. ढगात वीज चमकली की ती टिपणारी यंत्रं जागोजागी बसवलेली आहेत, त्यांचे आकडे येतात. ढग कुठे आहे, किती वेगाने वाढतोय, कुठे सरकतोय, हे त्यावरून समजतं. मग त्याच्या वाटेवरची गावं नकाशावर रेघेने घेरायची आणि मजकूर लिहायचा. पाळीच्या प्रमुखाने ‘हो’ म्हटलं की मेसेज सुटतो. दुपारी तो प्रमुख बहुतेक मीच असतो.

वीज नेमकी कुठे पडेल हे सांगता येत नाही. आम्ही तुम्हाला अर्धा-पाऊण तास मिळवून देतो, एवढंच. मनुबाईवहिनींना सांगा, झाडाखाली थांबायचं नाही, मेंढरांच्या घोळक्यात थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील, तर उघड्यावर राहायचंच नाही.

तुम्ही सिग्नलमधले आहात, म्हणून तुमच्या गावची मला काळजी वाटत नाही. बाकी बऱ्याच गावांत मेसेज फोनमध्येच पडून राहतो.

तुमचा,
देवदत्त

⁂

पांढरमाळ
१० मे २०२४

देवदत्त साहेब, रामराम.

राग मानू नका, पर लिवल्याबिगर राहवत न्हाई.

अठ्ठावीस एप्रिलला तुमचा मेसेज आला. मी पुकारलं. समदं गाव घरात. तासभर दारं लावून बसली आन् भाईर लख्ख ऊन. तीन मेला परत मेसेज, निम्मी माणसं आली. थेंब न्हाई. मग सात तारखेला मतदान. शाळंपुढं रांग लागलेली, आन् दोन वाजता तुमचा मेसेज. ड्यूटी म्हणून पुकारलं. रांग फुटली, माणसं घराकडं पळाली. ढग आला तसा वरनं निघून गेला. तिकडं म्हसवडच्या अंगाला पडला म्हणं. दोन्ही पार्ट्यांची माणसं माझ्यावर तापली. तवापासून पोरंसोरं बी मला बघून म्हणत्यात, “फौजी आला, छत्र्या काढा.”

तात्याबाचं तर इचारूच नका. तिन्ही येळंला मेंढरं दुपारभर जाळीत कोंडली, उपाशी. म्हणला, “ढगाचं मला शिकवतोस व्हय? साठ वर्षं आभाळाखाली निजलोय.”

आता एक मनुबाई तेवढी ऐकती. मी पुकारलं की मेंढरं वळवून घरला येती. बाया हसल्या तर म्हणती, “माझा मालक बोलतोय, दुसरं कोण न्हाई.”

साहेब, खात्री असंल तवाच मेसेज सोडा. रोज वरडणाऱ्याचं कोण ऐकत न्हाई. माझी पत चालली.

धनाजी

⁂

सांगली
१५ मे २०२४

धनाजीभाऊ,

रागाचं काही नाही. तुमचं लिहिणं रास्त आहे. म्हसवडला त्या दिवशी खरोखरच वीज पडली, एक गोठा जळाला. म्हणजे इशारा खोटा नव्हता, तुमच्या गावापुरता खोटा ठरला. ढग चार कोस बाजूने गेला तरी गावाच्या दृष्टीने आम्ही चुकलोच.

तुमच्यासारखीच तक्रार जतहून आणि आटपाडीहूनही आली आहे. हे केंद्र चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी बैठकीत विचारलं, “आपण लोकांना सावध करतोय की कंटाळा आणतोय?” मयूरीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, दहा वेळा फुकट घरात बसले तर बसू देत. पण मला तुमचं पटतं. यापुढे माण तालुक्यासाठीचा मेसेज चांगली खात्री झाल्याशिवाय मी सोडणार नाही. तुमची पत ती आमची पत.

वहिनींना नमस्कार सांगा. त्या ऐकतात हे वाचून बरं वाटलं.

देवदत्त

⁂

पांढरमाळ
३ जून २०२४

देवदत्त साहेब,

तेवीस मेला टेंभीच्या पायथ्याला वीज पडली. मनुबाई गेली. संगं चौदा मेंढरं. टायम सव्वाचार.

तहसीलची माणसं येऊन पंचनामा करून गेली. इशारा आलता का म्हणून इचारलं. मी सांगितलं, न्हाई आला. पेपरवाल्यांनी तेच छापलं.

लिवायला दुसरं काय न्हाई.

धनाजी

⁂

सांगली
११ जून २०२४

धनाजीभाऊ,

बातमी आम्हाला त्याच संध्याकाळी कळली होती. नाव दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून चार वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला. मोटारसायकल काढून विट्यापर्यंत आलो होतो. तिथून परत फिरलो. तुमच्यासमोर उभं राहून काय बोलणार होतो?

आमच्या नोंदीत मेसेज तीन वाजून बावन्न मिनिटांनी सुटल्याचं दिसतं. तुमच्यापर्यंत पोचला नाही, म्हणजे रेंज गेली असणार. त्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

पेपरातल्या बातमीनंतर संस्थेने चौकशी केली. ढग त्याच्या बराच आधीपासून दिसत होता, मग मेसेज उशिरा का सुटला, असा प्रश्न निघाला. त्या वेळी टेबलावर मयूरी होती. तिला कामावरून कमी केलं आहे. ती कंत्राटी होती, एका कागदावर झालं.

अपेक्षाला सांभाळा. तिचं कॉलेज बंद पडू देऊ नका. तात्याबांना माझा नमस्कार.

देवदत्त

⁂

पांढरमाळ
१ जुलै २०२४

देवदत्त साहेब,

तुमचं पत्र तीन येळा वाचलं. त्या पोरीला घरी बसवलं ते माझ्या एका शब्दापायी. म्हणून आता खरं लिवतो.

मेसेज आलता. तीन त्रेपन्नला. फोन माझ्या हातात व्हता.

मी देवळाच्या पायरीवर बसलोतो. ज्ञानू, बिराप्पा आन् आणखी दोघं पत्ते खेळत व्हती. डोक्यावर ऊन. लांब शिंगणापूरच्या अंगाला एक काळा ढग, बस. फोन वाजला तसं ज्ञानूनं पान टाकता टाकता इचारलं, “का फौजी, आज कुणाला कोंडायचं?” बिराप्पा म्हणला, “थांब रं, आदी धुणं वाळत घालू दे. ह्येनं पुकारलं की चांगलं ऊन पडतंय.” समदी हसली. मी बी हसलो. म्हणलो, “न्हाई रं गड्या, रिचार्जचा मेसेज हाय.” आन् फोन खिशात टाकला.

माईक माझ्या पाठीमागं चार पावलांवर व्हता.

मनात म्हणलं, पाच मिनिटं बघू. ढग हिकडं वळला तर बोलू. तेवढ्यात ज्ञानूनं मला बी पानं वाटली. पानं बरी आलती साहेब. मी खेळाय लागलो.

मग वारं सुटलं, धूळ उठली, आन् एकदम उजेड झाला. उजेड आन् आवाज दोन्ही संगंच. आमी पळालो. तात्याबा खालच्या वढ्यात व्हता, तो आमच्या आदी पोचलेला. मनुबाई कुशीवर पडलीती. अंगावर जखम न्हाई, काय न्हाई. तात्याबा तिला हलवून म्हणत व्हता, “ऊठ की गं, मेंढरं पांगली.” मेंढरं पांगली नव्हती. तिच्या भवतीच पडलीती.

आख्ख्या गावात माझं पुकारणं एकटी ती ऐकायची. तीन येळा फुकट आली, चौथ्यांदा बी आली असती. पायथ्यापासनं घर वीस मिनिटांवर. मेसेज आल्याबरुबर बोललो असतो तर ती दारात असती.

सिग्नलमधी आमाला एकच शिकवलं, निरोप आला की पुढं द्यायचा. गोळ्या चालू असताना दिलाय. पत्त्याच्या डावात न्हाई दिला.

अपेक्षा इचारती, “आबा, भोंगा का न्हाई वाजला?” पंचनाम्याच्या टायमाला ती शेजारीच उभी व्हती. तिच्या तोंडाकडं बघून मी न्हाई म्हणून बसलो. आता येत्या ग्रामसभेत समद्यांपुढं सांगणार हाय. त्याच्या आदी तिला घरात सांगंन.

संगं सही करून कागद धाडतो. मेसेज मिळाला व्हता आन् मी पुकारला न्हाई, असं त्यात लिवलंय. तो साहेबांना दाखवा आन् त्या पोरीला परत कामावर घ्या. तिचा काय गुन्हा न्हाई.

धनाजी

⁂

सांगली
१५ जुलै २०२४

धनाजीभाऊ,

तुमचा कागद घेऊन मी अध्यक्षांकडे गेलो. आता जे लिहितोय, तेही त्यांना तिथेच लिहून दिलं. तुम्ही एवढं उघड लिहिल्यावर मी गप्प राहिलो तर माझ्यासारखा नीच मीच.

तेवीस मेला मयूरीने मला तीन वाजून वीस मिनिटांनी हाक मारली. दहिवडीच्या पलीकडे ढग झपाट्याने चढत होता. ती म्हणाली, “सर, माणला सोडूया.” मी म्हणालो, “पुढचं चित्र येऊ दे.” पुढचं आलं. विजांचे आकडे दुप्पट झाले होते. ती पुन्हा म्हणाली, “सर, मजकूर तयार आहे.” मी म्हणालो, “तीनदा तोंडघशी पडलोय, आणखी एक चित्र बघू.” तिने गावं घेरून ठेवली होती, पांढरमाळ पहिल्या ओळीत होतं. फक्त माझं ‘हो’ यायचं बाकी होतं. बत्तीस मिनिटं मी ते दिलं नाही.

तुमचं दहा मेचं पत्र माझ्या टेबलावर काचेखाली होतं. तुमच्या पत्रामुळे मी थांबलो. हे तुमच्यावर ढकलत नाही, घडलं तसं सांगतोय.

चौकशीत मला विचारलं, टेबलावर कोण होतं? मी म्हणालो, मयूरी. ते खोटं नव्हतं, म्हणून मला म्हणता आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. सामान पिशवीत भरून गेली.

अध्यक्षांनी दोन्ही कागद वाचले. म्हणाले, “देवदत्त, प्रकरण मिटलंय. केंद्राचा पुढच्या वर्षाचा करार व्हायचाय. आता कशाला उकरता?” कागद त्यांनी ठेवून घेतले. मी राजीनामा दिला. दुपारच्या पाळीला दुसरा माणूस नाही म्हणून त्यांनी तो परत दिला, आणि मी परत घेतला. हेही लिहिलं पाहिजे.

मयूरीच्या घरी मिरजेला गेलो होतो. तिच्या आई दारातच म्हणाल्या, “ती आता औषधाच्या दुकानात जाते. आत्ता कुठं जेवायला लागलीय. तुम्ही नका येऊ.”

शक्य असेल तर दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

देवदत्त

⁂

सांगली
९ ऑगस्ट २०२४

धनाजीभाऊ,

उत्तर नाही. फोन लावला, लागत नाही. आज नागपंचमी, घरचे सगळे शिराळ्याला गेलेत. मी पाळीवर आहे. माणवर सध्या ढग नाहीत.

आता एका चित्रावरच मेसेज सोडतो. गेल्या महिन्यात सात सोडले, त्यातले पाच फुकट गेले. लोक फोन करून बोलतात. बोलू देत. पण तुमच्याकडे भोंगा वाजतो की नाही, हे मला कुठूनच कळत नाही.

फक्त बरे आहात एवढं कळवा.

देवदत्त

⁂

पांढरमाळ
२१ ऑगस्ट २०२४

देवदत्त सर,

मी अपेक्षा, धनाजींची मुलगी. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. आबा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आबांनी मला आणि आज्ज्याला घरात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं मी ओरडेन. मी भाकरी करत होते, ती करत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावासमोर सांगितलं. ज्ञानूकाका उठून बाहेर गेले, ते अजून आमच्या दारावरून जात नाहीत, लांबून जातात. आज्ज्यानं त्या दिवसापासून आबांशी बोलणं टाकलं आहे. एका घरात राहतो आम्ही. आज्जा मला सांगतो, “त्याला म्हणावं जेव.” मी सांगते. मी बोलते आबांशी, पण त्यांच्याकडं बघून बोलता येत नाही.

तरी तेव्हा ते उठत होते, मेंढरांमागं जात होते. मग तुमचं जुलैचं पत्र आलं. तुम्ही खरं लिहिलंत, ते तुम्हाला बरोबर वाटलं असेल. पण ‘तुमच्या पत्रामुळे मी थांबलो’ ही ओळ तुम्ही लिहायला नको होती. ते त्या ओळीवर बोट ठेवून बसायचे. मला म्हणाले, “बघ, आदी तिकडनं मारली, मग हिकडनं मारली. दोन्हीकडनं मीच.” मी म्हटलं, आबा, तसं नसतं. ते म्हणाले, “लिवलंय की.” तुमचं मन मोकळं झालं असेल सर. इथं आमच्या घरात ते कुठं ठेवायचं, हे आम्हाला कळत नाही.

त्यानंतर ते माईकपुढून उठेनात. मेसेज आला की पुकारायचे, नाही आला तरी पुकारायचे. कडक ऊन पडलेलं असायचं आणि भोंग्यावर आबा, “समद्यांनी घरात या, मेंढरं वळवा.” पुढं पुढं त्यात आईचं नाव यायला लागलं. गावानं आठ दिवस ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही. मग एका सकाळी पंचायतीची चार माणसं आली. बिराप्पाकाका आबांना धरून बसले, बाकीच्यांनी वायर काढून भोंगा खाली उतरवला. तो आता पंचायतीत कुलपात आहे. आबा रोज पायरीवर जाऊन बसतात. फोन त्यांच्याकडं नाही, मी काढून घेऊन बंद ठेवला. तुमचा फोन लागला नाही तो म्हणून.

कॉलेज मी सोडलं आहे. आज्ज्याला एकट्यानं मेंढरं होत नाहीत. उरली आहेत तेवढी आम्ही दोघं राखतो.

तुमच्या यादीतून आबांचं नाव काढा आणि माझा नंबर घाला. पाकिटाच्या मागं लिहिला आहे. मेंढरं चरतात तिथं रेंज नाही. टेंभीच्या माथ्यावर गेलं की येते, तीसुद्धा दगडावर उभं राहिलं तर. आभाळ भरून आलं की मी मेंढरं आज्ज्यापाशी सोडते आणि वर जाऊन फोन हातात धरून थांबते. मेसेज आला की खाली पळत येऊन ओरडते. दुसरा उपाय नाही.

आबांना यापुढं पत्र लिहू नका. मेसेज तेवढा लवकर सोडत जा, सर. मी वर उभी असते.

अपेक्षा